सकाळी सहाला पावती निघालीच पाहिजे

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन पदार्थ) धरून ठरतो, हे संगमनेर तालुक्यात शाळकरी पोरालाही पाठ असतं. सकाळी सहाच्या सुमारास गावोगावच्या संकलन केंद्रांवर किटल्यांची आणि कॅनांची रांग लागते. दूध मापलं जातं, नमुना मशीनला लागतो, आकडे कॉम्प्युटरवर चढतात आणि छोट्या प्रिंटरमधून पावती निघते. नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज म्हणजे दुधाचा पगार. त्या चिठोऱ्यावर घरचा किराणा, पेंडीचं पोतं आणि पोरांची फी अवलंबून असते.

अशाच एका केंद्राचा जुना कॉम्प्युटर काही वर्षांपूर्वी अगदी मेटाकुटीला आला होता. नवा घ्यायला पैसे नव्हते. मी त्यावर लिनक्स बसवून दिलं आणि पावती छापण्याचा छोटासा प्रोग्रॅमही लिहून दिला. घरी मी तेव्हा 'रोलिंग' प्रकारचं लिनक्स वापरत होतो, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की काही दिवसांत ती आपल्या मशीनवर येऊन पडते. केंद्रावरही तेच बसवलं. एका रात्री, संध्याकाळचं संकलन उरकल्यावर, अपडेट करून घरी आलो. सकाळी सव्वासहाला फोन. जाऊन बघतो तर रांग थांबलेली आणि एक आजी हातातली पावती उलटसुलट करून बघतायत. "दादा, पैशाची ओळच नाही आली हो."

खरंच नव्हती आली. लिटर होते, फॅट होतं, दर होता, रक्कम नव्हती. शोधत गेलो तेव्हा कळलं की बिघडलेलं असं काहीच नाही. देवनागरी फॉन्टची नवी आवृत्ती आली होती. जुन्या आवृत्तीत वरच्या वेलांट्या आणि रफार कधी कधी छाटले जायचे, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी ओळीची उंची जराशी वाढवली होती. योग्यच केलं होतं त्यांनी. पण माझ्या प्रोग्रॅमने पावतीची लांबी जुन्या उंचीवर बेतलेली. सहा ओळींत थोडं थोडं वाढत जाऊन शेवटची ओळ कागदाबाहेर गेली. म्हणजे सुधारणा झाली होती, आणि त्याच सुधारणेने रांग अडली होती.

त्या दिवशी पावत्या हाताने लिहिल्या. दुपारी त्या मशीनवर डेबियन या लिनक्सची 'स्टेबल' आवृत्ती बसवली. तेव्हापासून या प्रश्नाने मला धरून ठेवलंय: ताजं सॉफ्टवेअर आणि भरवशाचं सॉफ्टवेअर यांची सांगड घालायची कशी? आणि जे लोक पगार न घेता हे काम करतात, ते ती कशी घालतात?

डेबियनची सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ची. इयान मर्डॉक तेव्हा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा वीस वर्षांचा मुलगा होता. त्याने मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं नाव जोडून 'डेबियन' केलं. आज जगभरातले हजारच्या आसपास अधिकृत सभासद आणि त्याहून कितीतरी जास्त हातभार लावणारे ही कार्यप्रणाली घडवतात. ९ ऑगस्ट २०२५ला निघालेल्या तेराव्या आवृत्तीत, जिचं नाव 'ट्रिक्सी' आहे, ६९,८३० पॅकेजं आहेत. पॅकेज म्हणजे एकेक सॉफ्टवेअर किंवा त्याचा भाग, बसवायला तयार करून ठेवलेला. ज्या तालुक्यात भाऊसाहेब थोरातांनी सहकार रुजवला, तिथल्या माणसाला डेबियनची घडण समजायला जड जाऊ नये. मालक कोणी नाही, सभासद आहेत, दरवर्षी नेता मतदानाने निवडला जातो. फरक एवढाच की डेबियन कोणाला पगार देत नाही आणि कोणावर हुकूम चालत नाही. १९९८ साली स्वीकारलेल्या डेबियनच्या घटनेत हे सरळ लिहिलेलं आहे: प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कोणावरही नाही.

ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंपनीत साहेब सांगतो, आता नवं काही घालू नका, महिनाभर फक्त चुका दुरुस्त करा. स्वयंसेवकाला असं कोण सांगणार? त्याला नवं करण्यात रस असतो म्हणून तर तो आलेला असतो. तरीही दर दोन वर्षांनी हे हजारो लोक हात आवरतात. मला डेबियनमध्ये सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

हात आवरण्याची ही रीत आधी समजून घेऊ. नवं पॅकेज प्रथम 'अनस्टेबल'मध्ये येतं. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि अनस्टेबलचं कायमचं नाव 'सिड' आहे, म्हणजे त्या गोष्टीतला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. तिथे ते पॅकेज काही दिवस राहतं. घाई किती आहे त्यावर दोन, पाच किंवा दहा दिवस. त्या मुदतीत नवा गंभीर दोष सापडला नाही आणि त्याच्यावाचून अडणारी इतर पॅकेजंही मोडली नाहीत, तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. सरकवण्याचं हे काम माणूस करत नाही, नियम करतात. टेस्टिंग म्हणजे उद्याची स्टेबल, पण अजून ओली. मग फ्रीझ येतो, गोठवणीचा काळ. ट्रिक्सीच्या वेळी १५ मार्च २०२५ला पहिलं दार बंद झालं: ज्यांच्यावर शेकडो पॅकेजं उभी असतात असे मोठे पायाभूत बदल थांबले. १५ एप्रिलला नवी पॅकेजं थांबली. १५ मेनंतर दार आणखी घट्ट झालं. जुलैअखेर पूर्ण गोठवण, ऑगस्टमध्ये रिलीज. १५ एप्रिलनंतर जगात कितीही नवं निघालं, तरी ट्रिक्सीत ते येणार नव्हतं. तेवढ्या काळात फक्त दोषांची यादी खाली आणायची.

या रीतीपर्यंत यायला डेबियनला आधी ठेच लागली. १९ जुलै २००२ला 'वूडी' निघाली आणि त्यानंतरची 'सार्ज' थेट ६ जून २००५ला. जवळजवळ तीन वर्षं. तयार झाल्यावरच काढू, हा बाणा चांगला होता, पण तयार कधी होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. फ्रीझ जवळ आला असं वाटलं की जो तो आपलं नवं सॉफ्टवेअर आत घुसवायला बघायचा, कारण पुढची संधी कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे काम आणखी लांबायचं. त्याच काळात, २० ऑक्टोबर २००४ला, डेबियनच्याच पायावर उभी असलेली उबुंटू आली आणि तिने दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढण्याचा शब्द दिला. कित्येक लोक तिकडे वळले.

२००९ साली डेबियनने ठरवलं की फ्रीझ वेळेवर होईल, साधारण दोन वर्षांनी एकदा. रिलीज मात्र तयार झाल्यावरच. आमच्याकडे ही गोष्ट पाण्याच्या भाषेत पटकन कळते. भंडारदरा धरणाचं आवर्तन कधी सुटणार हे माहीत असेल, तर शेतकरी त्या बेताने पीक धरतो. या पाळीला नाही मिळालं तर पुढच्या पाळीला मिळेल, असा विश्वास असला की बांधावर भांडणं कमी होतात. तारखेचा भरवसा नसेल तर जो तो मोटार लावून मिळेल तेवढं ओढतो. डेबियनमध्ये हेच घडलं. २०११पासून पाहा: २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२१, २०२३, २०२५. एकही पाळी चुकलेली नाही. हुकूम न देता माणसं थांबतात, कारण पुढची पाळी येणार हे त्यांना ठाऊक असतं.

आता 'स्टेबल' या शब्दाकडे येऊ, कारण त्याचा अर्थ बहुतेक लोक चुकीचा लावतात. मीही लावत होतो. स्टेबल म्हणजे कधीच न मोडणारं, असं नाही. स्टेबल म्हणजे न बदलणारं. काल जसं वागलं तसंच आज वागेल, आणि त्यातले जे दोष आहेत तेही कालचेच असतील. माझ्या पावतीला हवं होतं ते हेच. फॉन्टची उंची चांगली की वाईट, हा प्रश्नच नव्हता. ती दोन वर्षं तेवढीच राहिली पाहिजे, एवढंच म्हणणं होतं.

मग सुरक्षेचं काय? चोरवाट सापडली तरी जुनंच वापरायचं? इथे डेबियनचे लोक जे कष्ट घेतात ते बाहेर कोणाला दिसत नाहीत. १ जुलै २०२४ला ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमधला एक गंभीर दोष जाहीर झाला. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्यासाठी जगभर हेच वापरतात. मूळ कर्त्यांनी ९.८ ही नवी आवृत्ती काढून दोष बुजवला. डेबियन १२मध्ये होती ९.२. सोपा मार्ग होता ९.८ उचलून देण्याचा. पण ९.२ ते ९.८ या प्रवासात आणखी कितीतरी गोष्टी बदललेल्या. त्यातली कुठली कोणाच्या कामात आडवी येईल, कोण सांगणार? म्हणून सुरक्षा पथकाने त्या दुरुस्तीपुरत्या ओळी वेगळ्या काढल्या आणि जुन्या ९.२मध्ये बसवल्या. ज्यांच्या मशीनवर डेबियन १२ आहे, त्यांना त्या पॅकेजचा क्रमांक असा दिसला: ९.२पी१-२+डेब१२यू३. उजवीकडून वाचा. डेबियन १२साठीची तिसरी दुरुस्ती, पण आतलं सॉफ्टवेअर ९.२च. ठिगळ लावलं, अंगरखा तोच ठेवला. आणि त्याआधीच्या डेबियन ११ला ठिगळाचीही गरज पडली नाही, कारण तिच्यातली ८.४ इतकी जुनी होती की तो दोष तिच्यात शिरलेलाच नव्हता.

हे ठिगळकाम नाजूक असतं, आणि ते चुकतंही. २००६ साली डेबियनने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा बदल केला. दोष शोधणारं एक साधन दोन ओळींबद्दल सारखं कुरकुरत होतं, म्हणून त्या ओळी काढल्या. पण यादृच्छिक आकडे तयार होण्याचा कणाच त्यातल्या एका ओळीत होता. १३ मे २००८ला ते उघड झालं. तोवर डेबियन आणि उबुंटूवर ज्या गुप्त किल्ल्या तयार झाल्या, त्या प्रत्येक प्रकारात सुमारे ३२ हजार शक्यतांपैकीच एक होत्या. म्हणजे एखाद्याने सगळ्या करून पाहिल्या तरी थोड्या वेळात हातात येतील एवढ्या. हा दोष एप्रिल २००७च्या स्टेबलमध्ये वर्षभर शांतपणे बसलेला होता. काळ गेला म्हणजे दोष मुरून नाहीसा झाला, असं होत नाही. कोणाला तरी बघावं लागतं.

कोणीतरी बघितल्याचं मोठं उदाहरण मार्च २०२४चं. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते एकटा माणूस सांभाळत होता, थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनएक वर्षं मन लावून मदत केली, विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियन अनस्टेबलवर दुसरंच काहीतरी मोजत होता. त्याच्या लक्षात आलं की सर्व्हरवर शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! बहुतेकांनी तो सोडून दिला असता. त्याने धागा सोडला नाही आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. तोवर ते विष अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं. स्टेबलमध्ये मात्र ५.४ होती, म्हणून तिथे काहीच झालं नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी स्टेबलच वापरावी. पण फ्रॉइंडने ते पकडलं ते अनस्टेबलवर. ताजं वापरणारे, मोडलेलं सोसून त्याचा पाठपुरावा करणारे लोक नसते, तर तेच विष पुढच्या फ्रीझमध्ये सगळ्यांसह गोठलं असतं. स्टेबलचा भरवसा या लोकांच्या जागरणावर उभा आहे. दोघांत थोरला कोण, धाकटा कोण, असा वाद मला निरर्थक वाटतो. घरच्या लॅपटॉपवर मी आजही ताजंच वापरतो, आणि काही मोडलं तर कळवतो.

काही सॉफ्टवेअर इतक्या वेगाने धावतं की ठिगळ लावणं अशक्य होतं. ब्राउझर तसा. त्याच्यासाठी डेबियनने स्वतःचा नियम वाकवला: स्टेबलमध्ये फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती देतात आणि तिची मुदत संपली की पुढची सरळ आत घेतात. गिटलॅबचं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे. प्रोग्रॅमरांच्या गटाला एकत्र काम करायला लागणारं हे भलंमोठं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणण्यासाठी पुण्यात बराच काळ काम केलेल्या प्रवीण अरिंब्रतोडियिल यांनी सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. ते अवलंबून असलेली शेकडो छोटी पॅकेजं आधी तयार करावी लागली. पण गिटलॅबची दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि जुन्यांना दुरुस्ती फार काळ मिळत नाही. दोन वर्षं गोठवायचं तरी कसं? म्हणून अशा सॉफ्टवेअरसाठी स्टेबलच्या शेजारी 'फास्ट ट्रॅक' नावाचा वेगळा साठा उभा राहिला. पाया गोठलेला, वरचा एखादा मजला हलता. ही तडजोड मला मनापासून पटते, कारण तिच्यात कोणालाही उपाशी ठेवलेलं नाही.

जुनेपणाची दुसरीही बाजू आहे. मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची तक्रार असते की आम्ही हा दोष दोन वर्षांपूर्वीच काढला, तरी डेबियनवाल्यांची पत्रं अजून येतायत. ती रास्त आहे. ज्याने काम केलं त्याला त्याचं जुनंच रूप लोकांच्या हातात बघावं लागतं. यावर पूर्ण उपाय नाही.

आता मराठीकडे वळतो, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. १४ फेब्रुवारी २००९ला डेबियन ५.०, म्हणजे 'लेनी', निघाली. ती ६३ भाषांत बसवता येत होती. त्या वेळी पाच भाषा नव्याने आल्या: अम्हारिक, आयरिश, नॉर्दर्न सामी, सर्बियन आणि मराठी. त्याच यादीत पुढे एक ओळ आहे. भाषांतर अद्ययावत न राहिल्याने एक भाषा वगळली: एस्टोनियन. एका रिलीजमध्ये आपण आत आलो आणि दुसरी एक भाषा बाहेर गेली, तेही कोणाच्या आकसाने नव्हे, फक्त त्या पाळीला कोणी हात लावला नाही म्हणून. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात भाषेला कायमची जागा नसते. दर पाळीला कोणाला तरी बसून नवी वाक्यं मराठीत करावी लागतात, आणि रिलीज निघून गेली की पुढची गाडी दोन वर्षांनी.

अक्षरांचं काम तर त्याहून बारीक. संगमनेरहून नाशिककडे निघालं की कऱ्हे घाट लागतो. 'कऱ्हे'मधला तो पापणीसारखा अर्धा र मराठीत हवाच. तो नीट उमटायला फॉन्ट आणि अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर या दोघांनाही तो ठाऊक असावा लागतो, नाहीतर 'कर्हे' असा रफार चढतो आणि गावाचं नाव बदलतं. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक नुक्ता असलेल्या 'ऱ'ने, दुसरी साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, कॉम्प्युटरला वेगळ्या. एका पद्धतीने लिहिलेलं 'कुऱ्हे' हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं की सापडत नाही. केंद्राच्या यादीत एकाच सभासदाचं नाव दोन्ही पद्धतींनी चढलं, तर दहा दिवसांच्या पगारात एकाचे दोन होतात. हा दोष मुंबई-पुण्यातल्या किंवा जर्मनीतल्या कोणा स्वयंसेवकाला दिसणार कसा? त्याच्या गावात कऱ्हे नाही. तो दिसतो पावतीवर, आणि पावती आपल्याकडे आहे.

संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं लिनक्सवर प्रात्यक्षिकं करतात, कारण पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातच ते आहे. जर्नलं पुरी होतात, तोंडी परीक्षा होते आणि विषय संपतो. त्यातल्या चार जणांनी जरी पुढच्या फ्रीझच्या आधी टेस्टिंग बसवून आपापल्या गावांची, आडनावांची यादी छापून बघितली आणि जे चुकलं ते नीट लिहून कळवलं, तरी ती दुरुस्ती पुढची दोन वर्षं डेबियन वापरणाऱ्या सगळ्या मराठी माणसांच्या मशीनवर राहील. त्यासाठी परवानगी लागत नाही, सभासदत्वही लागत नाही.

केंद्रावरचं मशीन परवापरवापर्यंत डेबियन १२वर होतं. त्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती जून २०२८पर्यंत मिळणार आहे. शेवटची दोन वर्षं ते काम बरंचसं प्रायोजकांच्या पैशातून मोबदला मिळणारे लोक करतात. म्हणजे घाई नव्हती. तरी १३ निघाल्यावर मी आधी घरच्या मशीनवर ती बसवली, केंद्रावरच्यासारखाच प्रिंटर मागून आणला आणि सगळ्या सभासदांच्या नावांच्या पावत्या एकदा छापून काढल्या. फॉन्ट बदललेला होता, उंचीही. या वेळी प्रोग्रॅम आधीच सुधारला: पावतीची लांबी आता ओळी मोजून ठरते, गृहीत धरून नाही. सकाळचं संकलन नऊला आटोपतं आणि संध्याकाळचं पाचला सुरू होतं. एका रविवारी त्या मधल्या वेळात नवी डिस्क बसवली. संध्याकाळी त्याच आजी आल्या. पावती घेतली, सहावी ओळ बघितली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि रिकामी किटली उचलून निघाल्या. जुनी डिस्क मी काढून केंद्राच्या कपाटात ठेवलीय, वर चिठ्ठी चिकटवून: डेबियन १२, चालू स्थितीत.